चोवीस फुटी वारसा

थांब रोहित, पोहे नंतर, आधी ऐक. केतकी, तूही फोन ठेव. तुम्ही दोघं नेमके गणपतीत पुण्याला गेलात, त्यामुळे तुम्हाला फक्त मकरंददादाचं रील माहितीये. तो स्टेजवर हात पसरून उभा आहे आणि खाली लिहिलंय 'परंपरेची नवी भरारी', तेच. त्यात मागे चिनी अक्षरांचा दोन मजली बॅनर दिसतो ना, त्याची गोष्ट सांगते. पण ती बॅनरपासून सुरू होत नाही, वहीपासून होते, आणि वहीचा घोळ मी घातलाय, त्यामुळे मधे मधे बोलू नका, नाहीतर मी माझा भाग गाळून टाकेन.

तर मागच्या वर्षी दिवाळीनंतर आपल्या मंडळाची मीटिंग झाली आणि मकरंददादा अध्यक्ष झाला. त्याला दादा म्हणायचं, काका म्हटलेलं चालत नाही, केस रंगवून आलेला असतो. कंपनीत तो ट्रान्सफॉर्मेशन लीड आहे. म्हणजे नेमकं काय करतो ते त्याच्या बायकोला, रोहिणीवहिनींनाही माहीत नाही, मी विचारलंय. त्यानं बेचाळीस स्लाइड्स दाखवल्या. पहिली सुधारणा अशी की इथून पुढे दरवर्षी नवी कमिटी, जुन्या माणसांनी बाजूला व्हायचं, नवं रक्त यायला हवं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण टाळ्या वाजवल्यावर जेवण होतं. आणि नवं रक्त म्हणून मी सेक्रेटरी झाले.

माझ्या आधी चौदा वर्षं रामकृष्णकाका सेक्रेटरी होते. तुम्ही त्यांना बघितलंय, उंच, मफलर, कायम दाराशी उभे असतात ते. शोभनाकाकू ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून आल्या, हे त्यांच्या मागोमाग डिपेंडंट व्हिसावर. दोन वर्षं कामाची परवानगी नव्हती, तेव्हा करायचं काय, तर मंडळ. राहायचं ब्युमॉन्टला आणि मंडळ इकडे क्लोनडॉकिनला, डब्लिनच्या दोन टोकांना. दोन बस बदलून यायचे.

तर त्या मीटिंगनंतर काका माझ्याकडे आले, हातात सुपरमार्केटची पिशवी. पिशवीतून त्यांनी वही काढली. जाड पुठ्ठ्याची, कापडी पाठीची, अप्पा बळवंत चौकातून आणलेली, आणि इतकी फुगलेली की तिला दोन रबरबँड लावले होते. दोन्ही हातांनी दिली. म्हणाले, "वाच हं. नुसती ठेवू नकोस."

मी म्हटलं हो काका, नक्की. आपण आईला फोनवर सांगतो ना, जेवले म्हणून, त्या आवाजात.

आता थीम. मकरंददादाच्या ऑफिसात लिन म्हणून एक बाई आहे, चेंगदूची, शांत, हुशार, तिच्या डेस्कच्या वर एक लांब कागद लटकवलेला असतो. काळ्या शाईनं चार चिनी अक्षरं, तिच्या आजोबांच्या हातची. दादानं एकदा अर्थ विचारला. तिनं सांगितलं की पहिल्या दोन अक्षरांचा अर्थ आधीच्यांनी केलेलं पुढे चालवा, आणि नंतरच्या दोनांचा अर्थ, मग पुढे येणाऱ्यांसाठी वाट उघडा. उच्चार मी करणार नाही, त्यात वांग येतं आणि रोहित दोन तास हसेल. झालं, दादा वेडा झाला. त्यानं फोटो काढला, लिनला गणपतीची प्रमुख पाहुणी केलं, आणि आमच्या पहिल्या कमिटी मीटिंगला जाहीर केलं की या वर्षाची थीम हीच. वारसा पुढे नेणं. टी-शर्टवर वारसा, पाण्याच्या बाटलीवर वारसा, ईमेलच्या खाली वारसा. आणि स्टेजच्या मागे चोवीस फुटी बॅनर, चारही अक्षरं एका ओळीत. चोवीसच का, तर ऑर्डर देताना त्या साइटवर सगळ्यात मोठा तोच साइझ होता.

मग मी म्हटलं, दादा, काकांनी वही दिलीये. तर तो हसला. प्रेमानंच हसला, खोटं का बोलू. म्हणाला, स्वरांगी, ते लेगसी डॉक्युमेंट आहे, स्कॅन कर, एआयला दे, समरी घेऊन ये. मला पण बरं वाटलं, कारण काकांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची मिरवणूक. मी ऑफिसच्या स्कॅनरवर बसले. शंभराच्या वर पानं होती. चाळीस केली, मग माझी मीटिंग होती, मग मला वाटलं चाळीस पुष्कळ झाली, पुढे तेच असणार. चाळीस पानांच्या सात ओळी आल्या. एक तर मला पाठच झालीये. 'स्थानिक भागधारकांशी सौहार्दपूर्ण संबंध राखावेत.' दादा म्हणाला, बघ, चौदा वर्षांचा गाळ काढला की सोनं किती उरतं.

आणि मग नाताळच्या आधी माझ्या घरमालकानं घर विकायला काढलं, तुम्हाला आठवतंय ना, मी रडत फिरत होते, आणि शेवटी मला ती खोली मिळाली जिथे पलंगावर चढल्याशिवाय दार बंद होत नाही. सामान टाकावं लागलं. बूट टाकले, कुकर आपल्या रेवाला दिला, आणि वही.

ग्रीन बिनमध्ये. मी तेव्हा स्वतःला सांगितलं की रिसायकल होईल, म्हणजे टाकली असं नाही.

बरं, पुढे. जानेवारीच्या शेवटी मी हॉलला ईमेल केली. तोच आपला हॉल, चर्चच्या मागचा, इतकी वर्षं गणपती तिथेच. लगेच उत्तर आलं, तुमचा संदेश मिळाला, धन्यवाद. ते मशीननं पाठवलेलं उत्तर होतं. पण दादाचा एक ट्रॅकर होता, लाल पिवळे हिरवे रंग असलेला, त्यात त्यानं 'हॉल' हिरवा करून टाकला. आणि एकदा हिरवं झालं की मग त्याच्याकडे कोण बघतंय, लाल काय आहे तेच बघतात. लाल काय होतं, तर हॅशटॅग. हॅशटॅगवर आमच्या चार मीटिंगा झाल्या.

ऑगस्ट उजाडला. गणपतीचा कार्यक्रम महिन्याच्या शेवटच्या शनिवारी. दोनशे दहा माणसांनी नावं दिलेली, मूर्ती पेणहून निघालेली, मोदकांची ऑर्डर गेलेली. मी एका दुपारी हॉलवर गेले, रीलसाठी रिकाम्या स्टेजचा व्हिडिओ हवा होता. आणि दारावर पोस्टर. फेश. म्हणजे ती आयरिश नाचाची स्पर्धा असते ना, पोरी कुरळे विग घालून टकाटक पाय आपटतात, ती. शनिवार, तीच तारीख, दिवसभर.

मला वाटलं जुनं पोस्टर असेल. आत गेले तर नोएल खुर्च्या रचत होता. नोएल म्हणजे त्या हॉलचा सगळा कारभार बघणारा, सत्तरी पार, टोपी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मी म्हटलं आमचं बुकिंग आहे. त्यानं ड्रॉवरमधून एक डायरी काढली, कागदाची, तिला दोरीनं पेन्सिल बांधलेली. पान उघडून दाखवलं. ईमेल म्हणे ती फादरांच्या पुतण्यानं उघडून दिली होती, पासवर्ड त्याच्याकडे, आणि तो आता कॅनडात. मग त्यानं मलाच विचारलं, तुमचा तो रामा जानेवारीत आला नाही, मला वाटलं या वर्षी तुम्ही करत नाही. मी विचारलं, जानेवारीत कशाला? तर म्हणाला, सहा तारखेला. नाताळची सजावट उतरवायला. दरवर्षी येतो तो, शिडीवर चढून दिवे काढतो, चिवडा आणतो, चहा घेतो, आणि जाताना मी त्याचं नाव डायरीत लिहितो.

आणि मग हळूच म्हणाला की ते मृतांच्या बातम्यांचं पान मी रोज सकाळी बघत होतो, रामाचं नाव येतंय का. आलं नाही तेव्हा वाटलं, चला, जिवंत तरी आहे.

सौहार्दपूर्ण संबंध, केतकी. हे होते ते. तारीख पान नंबर एकसष्ट की बासष्टवर असेल, मी स्कॅन न केलेल्या.

मी बाहेर येऊन दादाला फोन केला. म्हटलं हॉल गेला. तो म्हणाला, "गेला म्हणू नकोस. पिवळा झालाय म्हण." संध्याकाळपर्यंत त्यानं दुसरी जागा शोधली. बिझनेस पार्कमध्ये, टाइल्सच्या दुकानाच्या वर, एक कॉन्फरन्स रूम. साठ माणसांची परवानगी. दोनशे दहा माणसं तिथे कशी मावणार, तर तीन बॅच आणि फोनवर ॲपमध्ये कोड. गणपतीला आधी यायचं तर प्रीमियम स्लॉट. मी म्हटलं दादा, आरतीच्या मधे माणसं बदलणार का. तर म्हणाला, त्याला पिव्होट म्हणतात.

मला रडू यायला लागलं होतं. गणपती टाइल्सच्या दुकानावर बसणार आणि तो माझ्यामुळे बसणार, आणि हे फक्त मला माहीत होतं. म्हणून रविवारी सकाळी मी ब्युमॉन्टला गेले. दोन बस बदलून. दुसरी बस पंचवीस मिनिटं आलीच नाही, आणि मी मनात म्हटलं, हे चौदा वर्षं.

काकूंनी दार उघडलं, काकांनी चहा केला. मी बसले आणि एका दमात म्हणाले, "काका, वही नाहीये. मी टाकली. घर बदलताना."

काकांनी कप खाली ठेवला. "वाचली होतीस?"

"चाळीस पानं. म्हणजे मी नाही, कॉम्प्युटरनं. त्याच्या सात ओळी झाल्या, त्या मी वाचल्या."

"सात ओळी," काकू म्हणाल्या. "गणपतीच्या महिन्यात हा माणूस मला चौदा वर्षं घरात दिसला नाही. त्याच्या सात ओळी झाल्या होय."

काका उठले, प्रेस, म्हणजे स्वयंपाकघरातलं कपाट, उघडलं, बिस्किटं काढली, एका ताटलीत गोल लावली, एक एक. ते रागावले असते ना, तर मला सोपं गेलं असतं. मग मी डायरीचं सांगितलं, नोएलचं, टाइल्सच्या दुकानाचं. आणि मला एकदम सुचलं म्हणून विचारलं, काका, तुम्हाला माहीत होतं ना, सहा जानेवारीला कोणी गेलं नाही ते.

"होतं."

"मग फोन का नाही केलात?"

"वहीत लिहिलं होतं." आणि मग खिडकीबाहेर बघत, "कोणी विचारतंय का, बघत होतो."

"चिवडा करून ठेवला होता," काकू म्हणाल्या. "कोणीतरी फोन करेल, मग हे जातील. फेब्रुवारीपर्यंत आम्ही दोघांनीच खाल्ला. आणि आता तिच्याकडे असे बघू नका. निळ्या फाइलचं सांगा तिला."

काका म्हणाले, राहू दे. मग अर्थातच काकूंनी सांगितलं. म्हणजे काकांच्या आधी मंडळ एक डॉक्टर बघायचे. अकरा कुटुंबं होती तेव्हा. त्यांची बदली कासलबारच्या हॉस्पिटलात झाली, पार दुसऱ्या टोकाला, समुद्राकडे, तर जाताना त्यांनी काकांना एक निळी फाइल दिली. वाचा म्हणाले. काका तेव्हा तरुण, उत्साह दांडगा. त्यांना वाटलं, अकरा घरांचा गणपती, त्यात वाचायचं काय. ती फाइल त्यांनी जेवायच्या टेबलाखाली घातली, एक पाय डुगडुगत होता म्हणून. पहिल्याच वर्षी आरतीला धूप केला, धूर अलार्मला लागला, तीन बंब आले आणि सगळी वस्ती पावसात गणपती हातात घेऊन उभी. चार वर्षांनी टेबल बदललं तेव्हा फाइल निघाली. पहिल्या पानावर धूप आणि अलार्म. दुसऱ्या पानावर सहा जानेवारी.

"म्हणजे ते पण तुमचं नव्हतं?" मी विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "तेव्हा वही लिहायला घेतली. डॉक्टरांना मात्र मी कधी फोन केला नाही."

मग त्यांनी उद्यासाठी मफलर काढून दाराशी ठेवला. काकूंनी बरणीतून डब्यात चिवडा भरला, म्हणजे ऑगस्टमध्येही त्यांच्याकडे बरणी तयारच होती, विचार करा.

सोमवारी मी अर्धी रजा टाकली आणि आम्ही नोएलकडे गेलो. तिथे काय झालं ते मला अजून नीट कळलेलं नाही. पाऊण तास ते दोघं नोएलच्या कंबरेच्या ऑपरेशनबद्दल बोलले. मग मेयोची फुटबॉल टीम या वर्षी कशी हरली. मग कोण गेलं, कोणाची बायको गेली. हॉलचं नाव नाही. मी एकदा तोंड उघडलं तर काकांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. चिवडा संपत आला तेव्हा नोएलच म्हणाला, तुम्हाला तो शनिवार हवा असेल ना. नाचवाल्यांना मी शब्द दिलाय, तो मोडणार नाही. पण पाचला त्यांचं आटपतं. सहापासून घ्या. खुर्च्या तुम्ही लावायच्या, फरशी तुम्ही झाडायची. मी ढसाढसा रडायचीच बाकी होते, आणि काका फक्त म्हणाले, ग्रँड, इथले लोक 'बरं' म्हणायला म्हणतात तसं.

नोएलनं पेन्सिल घेतली, डायरीत लिहिलं, रामा. काका म्हणाले, हिचं पण लिही, आता ही येईल. नोएलनं माझं नाव विचारलं, मी सांगितलं, तो पेन्सिलीकडे बघत राहिला, आणि मग त्यानं लिहिलं, सारा. तर आता मी तिथे सारा आहे. असू दे.

मकरंददादाला सांगितलं तर तो म्हणाला की जुना हॉल त्याच्या डोक्यात प्लॅन बी म्हणून होताच. ट्रॅकरमध्ये त्यानं नवी ओळ घातली, 'वारसा भागीदारी: पूर्ण', हिरवी.

आता शनिवार. पाच वाजता आम्ही नऊवारीत हजर, आणि हॉलमधून शंभर एक पोरी बाहेर येतायत, विग, चमचमते फ्रॉक, रंगवलेले गाल. त्या आमच्या नथी बघतायत, आम्ही त्यांचे विग. एक आजी मला म्हणाली, फॅब्युलस, कुठल्या स्पर्धेत आहेस. आत गेलो, खुर्च्या लावायला घेतल्या, आणि कमिटीतला प्रसन्न जोरात ओरडला. तळपायात पिन. बघतो तर सगळ्या फरशीवर केसांच्या पिना. शेकडो. पोरी दिवसभर पाय आपटतात, विगमधून पिना गळतात. त्यांना काय, त्यांचे बूट. आपली दोनशे दहा माणसं चपला बाहेर काढून येणार, त्यात सरपटणारी बाळं वेगळी. केरसुणीनं एकही पिन निघेना, फरशीच्या फटीत बसलेल्या. मी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, हे नवीन आहे. मी त्यांना तसं म्हणताना पहिल्यांदाच ऐकलं. मग मलाच सुचलं, मी नोएलला विचारलं, लोहचुंबक आहे का. त्याच्या शेडमध्ये एक होतं, लांब काठीचं, खिळे गोळा करायचं. अर्धा तास मी नऊवारीत हॉलभर चुंबक ओढत फिरत होते, आणि दादा त्याचा व्हिडिओ काढत होता, म्हणाला पर्यावरणासाठी वापरता येईल.

तोवर बॅनर. चोवीस फूट उलगडला, स्टेजच्या मागे धरला, तर नोएल आला आणि मान हलवली. स्टेजच्या दोन्ही बाजूंना आगीच्या वेळचे दरवाजे आहेत, ते झाकायचे नाहीत. मधे भिंत तेरा फूट. तेरा हा आकडा वहीत होता का, असं मला विचारू नका, होता. दादा म्हणाला दुमडा. उजव्या टोकाला स्पॉन्सरचा लोगो, तो दिसायलाच हवा, त्यामुळे डावं टोक मागे दुमडलं. राहिली शेवटची दोन अक्षरं आणि एका बासमतीच्या कंपनीचा हत्ती.

लिन आली. लाल रेशमी जाकीट घालून, हातात संत्र्यांची पेटी. बॅनरसमोर उभी राहिली, एकदा वाचलं, मग मान वाकडी करून बाजूनं बघितलं. मला हळूच विचारलं, "पहिली दोन कुठे आहेत?"

मी म्हटलं, मागे दुमडलीयेत. जागा नाही.

ती म्हणाली की तिचे आजोबा शाळेत हेडमास्तर होते. निवृत्त झाले त्या दिवशी नव्या हेडमास्तरसाठी त्यांनी हे लिहिलं. त्यानं ते नेलंच नाही, म्हणून घरी राहिलं. मग परत बॅनरकडे बघत म्हणाली, "आता इथे एवढंच लिहिलंय की पुढे चला. कुठून, ते नाही."

दादा मागेच उभा होता. त्याचा चेहरा कसा झाला सांगू, ट्रॅकर सगळा लाल झाल्यासारखा. आता दहा मिनिटांत त्याला त्या अर्ध्या बॅनरसमोर वारशावर भाषण करायचं होतं आणि पहिल्या रांगेत ते वाचता येणारी एकुलती एक बाई. तो माझ्याकडे आला, म्हणाला काहीतरी कर. मी काकांकडे गेले. काकांनी बॅनर बघितला, पिशवीतून कात्री काढली, सुतळी काढली. दादा म्हणाला, "काका, कापताय की काय?" काका म्हणाले, "मग, वाढवतो की काय भिंत?" आणि बरोबर मधे कापला. पहिली दोन अक्षरं वर, नंतरची दोन खाली, कडेला भोकं पाडून सुतळीनं शिवला. नोएलनं शिडी धरली. लिन खाली उभी राहून सांगत होती, थोडं डावीकडे, अजून. दोन मजली बॅनर तो असा.

भाषण अकरा मिनिटं झालं. दादानं स्पॉन्सरचे आभार मानले, ॲपचे मानले, आपल्या चिनी मित्रांचे मानले, चीनशी आपलं नातं अडीच हजार वर्षांचं आहे म्हणाला, दोन मजली रचना ही कमिटीची मूळ संकल्पना म्हणाला. काकांचं नाव आलं नाही. मी वाट बघत होते. काकूही बघत होत्या, त्यांनी पदर खोचला होता तो मला धोकादायक वाटला.

आणि मग आरती सुरू झाली आणि मी सहज मागे वळले. काका दाराशी. तिथे छताला तो धुराचा अलार्म आहे, आणि काका त्याच्याखाली उभे राहून पुठ्ठ्याच्या तुकड्यानं वारा घालत होते, धूर दाराबाहेर जावा म्हणून. आपण त्यांना कायम दाराशीच बघितलंय, हो ना? मला वाटायचं स्वभाव असेल. बंब आले त्या पहिल्या वर्षानंतर या माणसानं आरती एकदाही समोरून बघितली नव्हती.

मी गेले आणि पुठ्ठा मागितला. ते म्हणाले, राहू दे गं. मी हातातून घेतला. गर्दीनं त्यांना आपोआप पुढे सरकवलं, लिननं जागा करून दिली, आणि ते गणपतीसमोर हात कुठे ठेवायचे कळत नसल्यासारखे उभे राहिले. दोन मिनिटांनी परत आले. म्हणाले, "असा नाही. मनगटातून." दाखवलं, आणि पुन्हा पुढे गेले.

तर हे झालं. त्यानंतर गेले पाच रविवार मी ब्युमॉन्टला जातेय. काका सांगतात, मी लिहिते, काकू दुरुस्त करतात. मधे एकदा काकांनी कासलबारला डॉक्टरांना फोन लावला, फाइलचं सांगून टाकलं. डॉक्टर इतके हसले की मला इकडे ऐकू आलं. फोन ठेवताना ते एवढंच विचारत होते की सहा जानेवारी चालू आहे ना. नवी वही झालीये एकशे बारा पानांची. शेवटचं पान माझं, 'फेशनंतर चुंबक, नोएलच्या शेडमध्ये डावीकडे'.

आणि आता तुम्हाला पोह्यांना का बोलावलं ते सांगते. पुढच्या रविवारी मंडळाची मीटिंग आहे. दादाच्या नियमाप्रमाणे दरवर्षी नवी कमिटी, म्हणजे मी बाहेर. तो स्वतः सल्लागार होतोय, ते पद त्यानं परवाच तयार केलं. सेक्रेटरी कोणीतरी नवं हवं. रोहित, तू नोट्स छान घेतोस असं रेवा म्हणत होती.

ही घे. दोन्ही हातांनी घे.

काय? पीडीएफ? केतकी, हसू नकोस, तू समरी टाक ग्रुपवर म्हणणार होतीस, तुझं तोंड तसंच झालं होतं. नाही, स्कॅन केलेली नाही आणि करणार पण नाही. ते पातेलं इकडे दे. नाही, आत्ताच दे. रबरबँड काढ, पहिलं पान उघड आणि मोठ्यानं वाच. मग पोहे.